वजन कमी करण्याचं पोटाचं ऑपरेशन : गुंतागुंत टाळायची कशी? धोक्याच्या खुणा घरच्यांनाही माहीत हव्यात

नळदुर्ग : वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन करतात, हे आता खेड्यापाड्यातही माहीत झालं आहे. मोबाईल उघडला की 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो दिसतात. 'दुर्बिणीतून ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी' अशा जाहिराती येतात. गुडघे गेलेले, शुगर आटोक्यात न येणारे, रात्री घोरून झोप न लागणारे अनेक जण या जाहिराती पाहून चौकशी करतात. नळदुर्ग, अणदूर, जळकोट, ईटकळ भागातला माणूस मोठ्या ऑपरेशनसाठी सोलापूर, पुणे, हैदराबाद किंवा मुंबई गाठतो.

हे ऑपरेशन योग्य पेशंटवर, अनुभवी टीमने केलं तर फायद्याचं आहे. शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास यांत मोठा फरक पडतो. पण 'तिसऱ्या दिवशी घरी' या तीन शब्दांतच एक अडचण दडलेली आहे. या ऑपरेशनची सगळ्यात गंभीर गुंतागुंत पुष्कळदा घरी परतल्यावर, पहिल्या पंधरा दिवसांत उघडी पडते. त्या वेळी सर्जन तीनशे किलोमीटरवर असतो आणि जवळ असतात ते घरचे लोक, गावचा डॉक्टर आणि मेडिकल दुकान. म्हणून काय टाळायचं आणि कोणती खूण दिसली की धावायचं, हे या तिघांना माहीत असणं ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं आहे.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

आपण खातो ते अन्न आधी जठरात, म्हणजे पोटातल्या पिशवीत साठतं. आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकारची ऑपरेशनं होतात.

पहिलं 'स्लीव्ह'. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा बाहेर काढतात. उरते ती केळाच्या आकाराची अरुंद नळी. थोडं खाल्लं की पोट भरतं आणि भूक लावणारं संप्रेरकही कमी होतं. कापलेला भाग परत जोडता येत नाही.

दुसरं 'बायपास'. यात जठराच्या वरच्या बाजूला छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. ही पिशवी बहुतेक वेळा दोन मोठे चमचे पाणी मावेल एवढीच असते. 'मिनी बायपास'मध्ये ती थोडी लांबट ठेवतात. दोन्हींत अन्न आतड्याचा काही भाग टाळून पुढे जातं, त्यामुळे खाणं कमी होतं आणि अंगी लागणंही कमी होतं.

दोन्ही ऑपरेशनं दुर्बिणीने होतात. बाहेर चार-पाच छोटी छिद्रं दिसतात, म्हणून लोकांना ते किरकोळ वाटतं. आत मात्र धातूच्या बारीक टाक्यांची लांब रांग असते. ती रांग जुळून येईपर्यंत जपायची असते.

ऑपरेशन कोणासाठी?

वजन दिसायला किती, यावर हे ठरत नाही. डॉक्टर 'बीएमआय' काढतात. किलोतलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. उंची १.६० मीटर, म्हणजे साधारण सव्वापाच फूट असेल आणि वजन ९० किलो असेल, तर बीएमआय ३५ च्या आसपास येतो.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय ३५ किंवा जास्त असेल तर ऑपरेशनची शिफारस करता येते. ३० च्या पुढे असून डायबेटिससारखा आजार असेल तर विचार करता येतो. आशियाई माणसाला कमी वजनातच शुगरचा त्रास सुरू होतो, म्हणून त्यांच्यासाठी मर्यादा आणखी खाली, २७.५ पासून विचारात घ्यावी असं त्यात म्हटलं आहे. लग्न ठरलंय म्हणून दहा-पंधरा किलो उतरवायचे आहेत, अशांसाठी हे ऑपरेशन नाही.

विम्याचं गणित वेगळं आहे. विमा नियामक 'आयआरडीएआय'ने २०१९ मध्ये ठरवलेल्या प्रमाणित शब्दांनुसार लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा खर्च वगळलेला असतो. अपवाद ठरायला डॉक्टरचा सल्ला, वय किमान १८, आणि बीएमआय ४० किंवा जास्त लागतो. ३५ किंवा जास्त असेल तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा औषधाला न जुमानणारी शुगर यासारखा आजार असावा लागतो. शिवाय इतर उपाय करून फरक पडलेला नाही, हेही दाखवावं लागतं. त्यामुळे अॅडमिट होण्याआधी विमा कंपनीकडून लेखी मंजुरी घ्यावी. सरकारी योजनेत बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं.

धोका किती आणि कशाचा?

अनुभवी केंद्रांमध्ये या ऑपरेशनमुळे मृत्यूचं प्रमाण साधारण हजारात एक एवढं कमी आहे. पित्ताशयाच्या किंवा गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनच्या तोडीचाच हा धोका. पण वय जास्त, वजन फारच जास्त, हृदय किंवा फुप्फुस कमजोर, तंबाखूचं व्यसन असेल तर तो वाढतो.

सुरुवातीच्या दिवसांत तीन गोष्टींची भीती असते.

एक, टाक्यांच्या रांगेतून गळती. शंभरात साधारण एक-दोन जणांना ही होते. जठरातलं आम्ल आणि अन्न पोटाच्या पोकळीत झिरपतं, पू होतो आणि विष रक्तात भिनतं. स्लीव्हमध्ये ही गळती बहुतेक वेळा नळीच्या वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ होते. नळी अरुंद असल्याने आतला दाब जास्त असतो आणि वरच्या टोकाचा रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो.

दोन, आतून रक्तस्राव. हा बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होतो.

तीन, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस मिनिटांत जाऊ शकतो. वजन जास्त, हालचाल कमी, पाणी कमी अशा पेशंटला हा धोका घरी गेल्यावरही काही आठवडे राहतो.

मुंबईतलं उदाहरण : ऑपरेशनआधी जवळपास महिनाभर तयारी

इजिप्तची इमान अहमद ही महिला ११ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबईत आली, तेव्हा सगळ्या टीव्ही चॅनलवर तीच बातमी होती. तिचं वजन सुमारे ५०० किलो असल्याचं सांगितलं गेलं होतं. सैफी हॉस्पिटलमध्ये डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या टीमने तिच्यावर स्लीव्हचं ऑपरेशन केलं, ते ७ मार्चला.

मधले तीन आठवडे तयारीत गेले. प्रथिनं भरपूर असलेला पातळ आहार नळीने देण्यात आला, अंगात साठलेलं पाणी उतरवण्यात आलं, हृदय, किडनी, थायरॉइडच्या तपासण्या आणि उपचार झाले. वजन बरंच खाली आल्यावरच तिला ऑपरेशन टेबलवर घेतलं. मे महिन्यात तिला पुढच्या उपचारासाठी अबुधाबीला नेण्यात आलं. तिथे २५ सप्टेंबर २०१७ रोजी हृदय आणि किडनीच्या आजाराने तिचा मृत्यू झाला.

एवढं वजन लाखात एखाद्याचं असतं. पण तयारीचा नियम सव्वाशे किलोच्या पेशंटलाही लागू आहे, आणि ऑपरेशनने जुने आजार आपोआप पुसले जात नाहीत, हेही.

दुसरी घटना एप्रिल २०२४ ची. पुदुच्चेरीचा २६ वर्षांचा तरुण वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी चेन्नईतल्या एका खासगी रुग्णालयात दाखल झाला आणि दगावला. तमिळनाडू सरकारने चौकशी समिती नेमली. अहवालानंतर त्या रुग्णालयाची नोंदणी काही काळासाठी निलंबित झाली. अडचण आली तर सांभाळायची सोय तिथे पुरेशी होती का, हा त्या चौकशीतला मुख्य प्रश्न होता. पेशंटने ऑपरेशनआधीच विचारायला हवा असा प्रश्न हाच आहे.

दवाखाना निवडताना काय विचारायचं?

स्वस्त पॅकेज, ओळखीचा एजंट किंवा मोफत शिबिर यावर निर्णय घेऊ नये. समोर बसून पुढचे प्रश्न विचारावेत. चांगला सर्जन यातल्या एकाही प्रश्नावर चिडत नाही.

– तुम्ही अशी ऑपरेशनं नियमित करता का? वर्षाला साधारण किती?
– याच इमारतीत आयसीयू आणि व्हेंटिलेटर आहे का? रात्री भूलतज्ज्ञ हजर असतो का?
– गळती झाली तर सीटी स्कॅन, एंडोस्कोपी आणि पुन्हा ऑपरेशन इथेच होईल का?
– पॅकेजमध्ये गुंतागुंतीचा खर्च धरला आहे का? नसेल तर अंदाजे किती लागेल?
– आहारतज्ज्ञ आहे का? घरी गेल्यावर रात्री दोन वाजता फोन केला तर कोण उचलेल?

डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर पाहता येते. राज्याच्या २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. संमतीपत्र समजेल अशा भाषेत मागावं, वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये.

ऑपरेशनआधी पेशंटच्या हातात काय?

तंबाखू पूर्ण बंद : विडी-सिगारेट किमान सहा आठवडे आधी सोडावी. तंबाखू, गुटखा आणि मिसरीही यातच येतात. 'मी विडी ओढत नाही, फक्त मिसरी लावते' असं सांगून चालत नाही. निकोटीन कुठल्याही वाटेने गेलं तरी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि टाके जुळायला वेळ लागतो. बायपासनंतर तंबाखूमुळे जोडाजवळ अल्सर होतो.

दोन आठवड्यांचा हलका आहार : जाड माणसाचं यकृत चरबीने फुगलेलं असतं आणि ते जठरावर पसरलेलं असतं. सर्जनला ते उचलून खाली काम करावं लागतं. ऑपरेशनआधी दोन आठवडे भात, भाकरी, साखर, तेल कमी करून प्रथिनांचा आहार घेतला की यकृत आकसतं आणि काम सोपं होतं. 'आता ऑपरेशन होणारच आहे, मग शेवटचं खाऊन घे' म्हणत घरोघरी जेवणं झोडणं हे याच्या बरोबर उलट आहे.

घोरणं सांगा : झोपेत श्वास अडकत असेल तर भूल देताना आणि नंतरही ऑक्सिजन कमी होण्याचा धोका असतो. पेशंटला स्वतःला हे कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं. म्हणून तपासणीच्या वेळी नवरा किंवा बायको सोबत असावी.

शुगर आटोक्यात : शुगर फार चढलेली असेल तर जखम पिकते. डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करून घेतात. आकडा वाईट असेल आणि तारीख पुढे ढकलली तर कुरकुर करू नये.

सगळी औषधं दाखवा : रक्त पातळ करणारी गोळी, पाळी किंवा गर्भनिरोधनाची संप्रेरकं असलेली गोळी, गावातल्या वैद्याचं चूर्ण, 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून आणलेल्या पुड्या, सगळं पिशवीत भरून न्यावं. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. वजन उतरवण्याचं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगावं, कारण त्याने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. दारू किती घेतो हेही खरं सांगावं. ती माहिती पोलिसाला द्यायची नसते, डॉक्टरला द्यायची असते.

फुप्फुसाचा व्यायाम : तीन रंगीत गोळ्यांचं, श्वास ओढून गोळ्या वर उचलायचं यंत्र मिळतं. ते आठवडाभर आधीपासून वापरावं. रोज चालावं.

ऑपरेशनच्या दिवशी टीम काय करते?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशन थिएटरसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी दिली. पेशंट तोच आहे ना, ऑपरेशन तेच ना, अॅलर्जी आहे का, अँटिबायोटिक दिलं का, हे टीमने मोठ्याने बोलून खात्री करायची असते. टाके घातल्यावर अनेक सर्जन निळं रंगीत पाणी किंवा हवा सोडून गळती होत नाही ना ते पाहतात. ही चाचणी ठीक आली म्हणजे पुढे गळती होणारच नाही, असं मात्र नाही.

रक्ताची गाठ टाळण्यासाठी पायाला दाब देणारे मोजे आणि हेपारिनसारखं इंजेक्शन देतात. सगळ्यात स्वस्त उपाय मात्र पेशंटकडेच असतो. त्याच दिवशी, काही तासांत, धरून का होईना उठून चालायचं. 'आत्ताच ऑपरेशन झालंय, पडून राहू दे' ही माया इथे उपयोगाची नाही. जास्त धोका असलेल्यांना घरी गेल्यावरही दोन ते चार आठवडे इंजेक्शन घ्यायला सांगतात. ते बुडवू नये.

घरी आल्यावर : नाडी मोजायला शिका

गळतीचं निदान चुकायचं मुख्य कारण समजून घेण्यासारखं आहे. पोटात पू झाला की पोट लाकडासारखं कडक होतं, असं डॉक्टर शिकलेले असतात. जाड माणसात चरबीच्या थरामुळे पोट हाताला मऊच लागतं. दुखणंही मोघम असतं. त्यामुळे 'गॅस झालाय', 'अॅसिडिटी आहे' म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं आणि मोलाचे तास जातात. खरी बातमी आधी नाडी देते.

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटं ठेवावीत आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. पेशंट किमान दहा मिनिटं शांत बसलेला असावा. पहिले पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर नाडी आणि ऑक्सिजन दोन्ही कळतात.

शांत बसूनही नाडी सतत १०० च्या वर राहत असेल तर सर्जनला फोन करावा. १२० च्या वर गेली तर फोन करत करत निघावं, सकाळची वाट पाहू नये.

नाडीशिवाय या खुणांवरही लगेच हालचाल हवी :

– ताप १००.४ च्या वर, थंडी वाजणं
– धाप लागणं, छातीत दुखणं
– वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणं
– पाणीही न टिकणारी उलटी
– रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच
– एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं
– लघवी फारच कमी, उभं राहिलं की चक्कर
– पेशंट घाबराघुबरा, 'काहीतरी होतंय' असं सारखं म्हणणं

नळदुर्गहून सोलापूर हायवेने सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. पुणे सुमारे ३०० किलोमीटर. पेशंटची तब्येत बिघडलेली असेल तर ऑपरेशन केलेल्या पुण्याच्या डॉक्टरकडेच न्यायचं म्हणून रात्रभर गाडी पळवू नये. १०८ ला फोन करून आयसीयू आणि सीटी स्कॅन असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय गाठावं आणि वाटेतून दोन्ही डॉक्टरांचं फोनवर बोलणं करून द्यावं.

गावच्या डॉक्टरला दोन गोष्टी आठवणीने सांगा

पहिली गोष्ट, नाकातून पोटात नळी घालायची झाली तर ती अंदाजाने घालू नये. ताज्या टाक्यांना नळीचं टोक लागून भोक पडू शकतं. हे काम सर्जनच्या सल्ल्यानेच व्हावं.

दुसरी गोष्ट, बऱ्याच दिवसांच्या उलट्यांनंतर साखरेचं (ग्लुकोजचं) सलाईन लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन द्यावं. उलट्यांमुळे शरीरातला थायमिनचा साठा काही आठवड्यांत संपतो. तो संपलेला असताना नुसती साखर दिली तर मेंदूला इजा होऊ शकते. दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ या त्याच्या खुणा. हा त्रास वेळेत इंजेक्शन मिळालं तर टळतो, उशीर झाला तर कायमचा राहू शकतो.

खाणं-पिणं : घोट घोट

साधारण पहिले दोन आठवडे फक्त पातळ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, त्यानंतर मऊ आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचं, असा क्रम असतो. नेमके दिवस आपल्या सर्जनने सांगितलेलेच धरावेत.

पातळ म्हणजे ताक, वरणाचं गाळलेलं पाणी, मुगाचं कढण, गाळलेलं सूप, डॉक्टरने दिलेली प्रोटीन पावडर. हुलग्याचं माडगं आपल्याकडे घरोघर होतं. तेही पातळ, गाळून आणि तिखट न घालता चालेल का, हे आहारतज्ज्ञाला विचारून घ्यावं. ग्लास तोंडाला लावून गटागट प्यायचं नाही. दोन मोठे चमचे पाणी पाच-दहा मिनिटांत, असं दिवसभर चालू ठेवून दीड ते दोन लिटर पूर्ण करायचं. उन्हाळ्यात याकडे जास्त लक्ष द्यावं, कारण पाणी कमी पडल्यामुळेच पुष्कळ पेशंट पुन्हा अॅडमिट होतात.

पुढे घन अन्न सुरू झालं की आधी प्रथिनं : अंडं, दही, पनीर, डाळ, मासे. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. घास चांगला चावून खावा, जेवताना पाणी पिऊ नये, जेवणानंतर अर्धा तास थांबावं. कडक भाकरी, मटणाचे मोठे तुकडे, शेंगदाणे घाईने गिळले तर अडकतात. सोडा, कोल्ड्रिंक टाळावं. पाहुण्यांनी 'एवढंच जेवतोस?' म्हणून आग्रह करू नये. पोट भरल्यावर वाढलेला एक घास उलटी काढतो आणि नव्या टाक्यांवर ताण आणतो.

तुळजापूर जवळ असल्याने आपल्या भागात नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास घरोघर असतात. पहिल्या वर्षी कडक उपवास, त्यातही निर्जळी, करू नये. साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्यात पिष्ट आणि तेल भरपूर, आणि एवढ्याशा पोटात प्रथिनांना जागा उरत नाही. आईला दर्शनाने नमस्कार पोचतो. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, ताकावर कसा करायचा ते आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावं.

गोळ्यांची चूक महागात पडते

अंगदुखीची गोळी : डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा त्यांचं मिश्रण असलेल्या गोळ्या मेडिकलमधून सहज मिळतात. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, त्यांनी अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो, भोकही पडू शकतं. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. दुकानदाराला 'माझं पोटाचं ऑपरेशन झालंय' हे वाक्य दर वेळी सांगावं.

शुगर-बीपीच्या गोळ्या : ऑपरेशननंतर शुगर झपाट्याने उतरते. जुन्याच मात्रेत इन्सुलिन किंवा गोळी चालू ठेवली तर शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. डिस्चार्जच्या वेळी नवी मात्रा लिहून घ्यावी, जुनी चिठ्ठी बाजूला ठेवावी.

जीवनसत्त्वं जन्मभर : बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन हे 'टॉनिक' नाही. अंगी लागणं कमी झाल्यामुळे ते बाहेरून घ्यावंच लागतं. वजन उतरलं, बरं वाटलं म्हणून बंद केलं तर वर्ष-दोन वर्षांनी हातापायाला मुंग्या, अशक्तपणा, हाडांचं दुखणं सुरू होतं. तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी रक्त तपासून घ्यावं. गोळ्यांचा महिन्याचा खर्च आधीच विचारून ठेवावा. तो झेपणार नसेल तर निर्णय घेण्याआधी पुन्हा विचार करावा.

महिन्यांनी, वर्षांनी येणारे त्रास

वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात. ते टाळण्यासाठी अनेक सर्जन सहा महिने गोळी देतात. बायपास झालेल्या पेशंटला वर्षांनीही अचानक मुरडा येऊन तीव्र पोटदुखी झाली तर आतल्या आत आतडं अडकलेलं असू शकतं. 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून दिवस काढू नयेत, सीटी स्कॅन लागतो.

महिलांनी ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गरोदरपण टाळावं. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते, म्हणून साधन आधीच ठरवावं. दारू बायपासनंतर लवकर आणि जास्त चढते, तिची सवयही लागू शकते. केस गळणं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसतं. प्रथिनं, लोह नीट असतील तर बहुतेकांचे परत येतात. स्लीव्हनंतर काहींना छातीत जळजळ वाढते. आधीपासून हा त्रास असेल तर कुठलं ऑपरेशन करायचं हे त्यावरही ठरतं, म्हणून आधी एंडोस्कोपी करतात.

खिशात ठेवायची चिठ्ठी

डिस्चार्ज घेताना मराठीत एक चिठ्ठी करून घ्यावी आणि तिचा फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाईलमध्ये ठेवावा. त्यात पुढच्या गोष्टी असाव्यात :

– ऑपरेशनचं नाव (स्लीव्ह की बायपास) आणि तारीख
– सर्जनचा आणि रुग्णालयाचा चोवीस तास चालू नंबर
– डिस्चार्जच्या दिवशीची नाडी, बीपी, शुगर
– चालू औषधांची नवी मात्रा आणि अॅलर्जी
– 'अंगदुखीच्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत. नाकातून नळी अंदाजाने घालू नये. उलट्या असतील तर ग्लुकोजआधी थायमिन.'

पेशंट बोलायच्या स्थितीत नसला तरी ही चिठ्ठी बोलते. रात्री-अपरात्री ड्युटीवरच्या नवख्या डॉक्टरला ती मिळाली तर पहिला तास वाया जात नाही. ऑपरेशनचा विचार करणाऱ्यांनी ही माहिती आधी घरच्यांना वाचून दाखवावी, कारण पंधरा दिवस नाडी मोजणार आहेत ते घरचेच.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. प्रत्यक्ष उपचार आणि औषधांची मात्रा आपल्या डॉक्टरच्या सल्ल्यानेच ठरवावी.)